दाराच्या कडीला

१

दर गुरुवारी सकाळी दोंडाईच्यातल्या आमच्या बंद घराच्या कडीला पांढऱ्या शेवंतीचा हार लागायचा. मी तेव्हा राहायचो सुरतेत, डिंडोलीला. तरी ही सोय मी केली होती आणि चोख केली होती, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे झालं त्यात सगळ्यांनी मलाच बोल लावला.

उधना स्टेशनाबाहेर बन्सीलालचं फुलांचं दुकान आहे. त्याने पाटी लावली होती, ‘ताजी फुलं गावी पोचवू’, आणि खाली गावांची नावं, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. फुलं इथून जात नसत. बन्सीलाल त्या त्या गावच्या फुलवाल्याला फोन करायचा, तो तिथली ताजी फुलं घेऊन सांगितलेल्या दारी पोचवायचा. डिंडोली-नवागामच्या आमच्या खानदेशी लोकांना मिलमधून सुट्टी मिळत नाही. गावी लग्न असो की दहावं, निदान हार तरी वेळेवर जायचा. दोंडाईच्याला त्याचा माणूस होता बसस्टँडवरचा हिलाल माळी.

मी शुक्रवारी मिलमधून सुटलो की बन्सीलालकडे थांबायचो. तो म्हणायचा, “लागला हार,” आणि मी घरी जायचो. चार महिने असंच चाललं. सत्त्याण्णवच्या जानेवारीतल्या एका शुक्रवारी तो म्हणाला, “योगराजभाऊ, हिलाल पुछता है, हार कडीला न लावता हातात दिला तर चालेल ना?”

“कुणाच्या हातात?”

“घरात जे असतील त्यांच्या.”

“घराला कुलूप आहे. किल्ली माझ्या खिशात आहे.”

बन्सीलालने खांदे उडवले आणि गिऱ्हाइकाच्या गजऱ्याला पाणी मारू लागला. माझं डोकंच फिरलं. फुलवाल्याने दुसऱ्या कुणाच्या दारी हार दिला असणार, आणि वर शहाणपणा करून मलाच विचारतो. मी त्याला तिथेच सुनावलं की कडी म्हणजे कडी, त्यात हात कुठून आला.

२

हा हार माझ्या आईच्या हट्टापायी होता. वडील गुरुवारी गेले. तेव्हापासून नऊ वर्षं तिने दर गुरुवारी त्यांच्या फोटोला शेवंतीचा हार घातला, तोही हिलालकडचाच. बाकी दिवस ती मिरचीच्या पथारीवर कामाला जायची. आमच्याकडे हिवाळ्यात गावाबाहेर मैदानंच्या मैदानं लाल मिरचीने भरतात. तिथे बसून बाया दिवसभर मिरच्यांची देठं खुडतात. अनुसयाबाईइतका भराभर हात कुणाचा चालत नाही, असं लोक म्हणत.

भादव्यात तिला लकवा झाला. डावं अंग गेलं. मी जाऊन तिला सुरतेला घेऊन आलो. मुलाने आणखी काय करायचं असतं? निघताना तिने दाराची कडी उजव्या हाताने अशी धरली की सोडवायला मला आणि गाडीवाल्याला जोर लावावा लागला. तेव्हा ती थोडं बोलू शकत होती. वडिलांचा फोटो जागचा हलवायचा नाही आणि गुरुवार चुकवायचा नाही, एवढं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. सुरतेत आल्यावर बोलणं थांबलंच. ती खाटेवर पडून राहायची आणि तिची उजव्या हाताची बोटं गोधडीवर सारखी हलत असायची. अंगठा आणि बोट जुळवायचं, खुडायचं, टाकायचं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, नसांचा दोष.

मला भेस्तानला दोन खोल्यांचं घर घ्यायचं होतं आणि त्यासाठी दोंडाईच्याचं विकायचं होतं. ते आईच्या नावावर. मुखत्यारपत्र तयार होतं, तिचा अंगठा हवा होता फक्त. कागद जवळ नेला की तिची ती चालणारी बोटं थांबायची आणि मूठ घट्ट मिटायची. चार वेळा मिटली. दुखण्यात माणसाला एवढं बरोबर कळतं का, सांगा तुम्हीच. कळतच होतं तिला. मी दिवसभर मिलच्या रंगखात्यात वाफेत उभा राहायचो, एका खोलीत पाच माणसं झोपायची, आणि तिकडे तीन खोल्या एका फोटोसाठी रिकाम्या.

माझी बायको रंजना म्हणाली, “प्लेगच्या वक्ताले आपण त्याच घरमा लपलो व्हतो. ती इसरनी नही.”

खरं होतं. चौऱ्याण्णव साली सगळी सुरत पळाली तेव्हा शेजारी आम्हाला दारात उभं करत नव्हते आणि आईने दार सताड उघडलं होतं. पण म्हणून काय घर जन्मभर कुलपात ठेवायचं?

३

पुढच्या गुरुवारी मी बन्सीलालच्या भरवशावर न राहता पीसीओवरून हिलालला स्वतः फोन लावला.

“हार कुठे दिला?”

“तुमना घर. मी मन्हा हाते म्हतारीना हातमा दिना.”

“कुठली म्हातारी?”

“अनुसयाबाई. तू लई उना ना त्यास्ले परत? बरं करं भाऊ.”

मी त्याला विचारलं, कुलूप असताना दार उघडलं कसं? तो म्हणाला, कुलूप लागलेलंच आहे. त्याला वाटत होतं, मी तिला परत आणून सोडलंय आणि कुणाला तरी किल्ली देऊन बाहेरून लावून ठेवलंय, म्हातारी पडू नये म्हणून. आमचं दार जुनं, दोन फळ्यांचं, साखळी सैल आहे. फळी आतून ओढली की वीतभर फट पडते. “फटमातून हात येस,” हिलाल म्हणाला, “जुना हार देस, नवा लेस. बोटं लाल राहतस, मिरचीना. आतमा देठं खुडतस, आवाज येस बाहेर.”

पीसीओवाला मीटरकडे बघत होता. मी फोन ठेवला. घरी, डिंडोलीला, आई खाटेवर पडलेली मी सकाळीच पाहून आलो होतो.

मला भीती वाटली नाही, संताप आला. उघड होतं सगळं. कुणीतरी आमच्या घरात घुसलं होतं. मागच्या परसाच्या भिंतीवरून कुणीही आत येतं. हे काम चुलतभाऊ सुकलालचंच, कारण पलीकडच्या गल्लीत तोच राहतो आणि विकायचं ठरल्यापासून त्याचं तोंड वाकडं होतं. कुठल्यातरी बाईला आत बसवून ताबा दाखवायचा आणि गिऱ्हाईक पळवून लावायचं, हा त्याचा डाव. मी लगेच त्याच्या शेजाऱ्यांकडे फोन लावून त्याला बोलावून घेतलं आणि जे तोंडाला येईल ते बोललो.

सुकलालने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “योगराज, तुना घर कडे मी तोंड बी करत नही. मायले वढीसन गाडीमा टाकी तू, आख्खी गल्लीनं देखं. आते माले चोर म्हनस?”

त्याने फोन आपटला. चोराच्या उलट्या बोंबा, असं मी रंजनाला सांगितलं.

४

दोन दिवसांनी रंजना आईला पुसत असताना मला हाक मारून म्हणाली, “मायना तळवा देखा का? लाल व्हयनात.”

मी बघितलं. दोन्ही तळव्यांना बारीक लाल पूड होती, टाचेच्या भेगांत जास्त. चार महिने त्या पायांनी जमिनीला स्पर्श केला नव्हता. रंजनाने ओल्या फडक्याने पुसलं, ते नाकाशी नेलं आणि तिला शिंक आली.

“रंग आहे,” मी म्हणालो. “माझ्या पँटला लागून येतो. मिलमध्ये सध्या लालच चाललंय.”

आणि ते खोटं नव्हतं. त्या महिन्यात साड्यांचं लाल काम होतं, माझी नखंसुद्धा लाल होती. पण रंगाने शिंक येत नाही. ते मला तेव्हाच कळलं होतं, मी ते मनाला कळू दिलं नाही. रंजना रोज सकाळी पाय पुसायची आणि फडकं रोज लाल व्हायचं. माझ्या पँटचा रंग खाटेवर चढून गोधडीखाली कसा जातो, हे मला विचारायचं तिने टाळलं. मला त्याचाही राग आला.

शुक्रवारी बन्सीलालने निरोप दिला. “हिलाल बोलतो, आता दोन हार लागतील. त्या आजींनी मागितलेत.”

“दोन कशाला? फोटो एकच आहे.”

“ते मी कसं सांगू, भाऊ? फुलं पोचवणं माझं काम. भिंतीवर किती फोटो, ते मालकाला माहीत.”

मी म्हणालो, घेऊ देत दोन. चोराला माझ्याच पैशाने हार घालतोय तर एकाचे दोन होऊ देत. येत्या गुरुवारी मी स्वतः तिथे जाऊन बघणार होतो.

५

गाडीतून दोंडाईच्याला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. वारा पथारीवरून येत होता, सगळं स्टेशन शिंकत होतं. मी तडक घरी गेलो. पोलिसांत जायचं तर आधी डोळ्यांनी बघितलेलं बरं, असा माझा विचार.

कडीला हार नव्हता. कुलूप होतं, माझंच, आणि त्यावर गंज चढला होता. किल्ली फिरायला वेळ लागला. इतके महिने ते कुणी उघडलेलं नव्हतं, हे कुणालाही दिसलं असतं. मी गल्लीतून वळून मागची भिंतही बघून आलो. तिच्यावर काचा होत्या, वडिलांनी लावलेल्या, आणि काचांवर कोळ्याची जाळी शाबूत होती.

दार उघडून मी आत गेलो. पुढच्या खोलीत धुळीचा थर होता. त्या धुळीत दारापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून आतल्या खोलीपर्यंत एक वाट पुसलेली होती, रोज कुणी फरफटत चालावं तशी. एक पाय नीट पडलेला, एक ओढलेला. डावा ओढलेला होता.

वडिलांच्या फोटोला ताजा हार होता. शेवंतीवर अजून पाणी होतं. त्याच्या शेजारी भिंतीत एक नवा खिळा ठोकला होता, आणि दुसरा हार त्या नुसत्या खिळ्याला टांगला होता. फोटो नव्हता. हाराच्या आत चुन्याची मोकळी भिंत होती, आणि का कोण जाणे, मला तिच्याकडे फार वेळ बघवेना.

आतल्या खोलीतून आवाज येत होता. टक. मग थोडं थांबून टक. लहानपणी मी त्या आवाजात झोपायचो. देठ खुडल्याचा आवाज दुसऱ्या कशासारखा नसतो.

“कोण आहे आत?” मी ओरडलो. मला जरबेने ओरडायचं होतं.

आवाज थांबला. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. त्या फटीतून एक हात बाहेर आला, जमिनीपासून फार उंच नाही, बसलेल्या माणसाचा असावा तेवढ्यावर. हातात एक जुना, सुकलेला हार होता. बोटांची टोकं लाल होती. मनगटाच्या वर गोंदलेलं माझ्या वडिलांचं नाव मी वाचलं.

“योगा,” आतून आवाज आला. “तू कवय उना?”

कधी आलास, असं विचारणारा तो आवाज चार महिन्यांत मी ऐकला नव्हता. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, “माय, तू तं सुरतले शे.”

“तठे कोन शे, ते तूच देख. हाऊ दुसरा हार तिनाच शे.”

तिचाच, म्हणजे सुरतेत खाटेवर होती तिचा. मी दार ढकलायला हवं होतं. दोन पावलं होती. त्याऐवजी मी तो निर्माल्याचा हार हातात घेतला, तिने दिला म्हणून. तिचा हात लागला, तो ऊन होता, कामावरच्या माणसाचा असतो तसा. मग हात आत गेला.

“कुलूप लाई दे आनि जाय,” ती म्हणाली. “मी आठेच शे. घर मोडू नको, भाऊ.”

टक, आतून पुन्हा सुरू झालं. मी मागे मागे सरत बाहेर आलो आणि सांगितल्याप्रमाणे कुलूप लावलं. स्वतःच्या आईला आत ठेवून घराला बाहेरून कुलूप घालायची माझी ही दुसरी वेळ होती, आणि या वेळी तिने कडीसुद्धा धरली नाही.

६

उधन्याला उतरलो तेव्हा उजाडलं होतं. रस्ताभर मी स्वतःला समजावत आलो. सुकलालने कुणी नकलाकार बाई बसवली असेल. परसात दुसरी वाट असेल. दोन दिवसांची झोप नव्हती, मिरचीने डोळे जळत होते, अशात माणूस काय वाटेल ते वाचतो.

घरी रंजना दारातच उभी होती. चेहऱ्यावर आनंद होता असं म्हणवत नाही, पण तसंच काहीतरी आणायचा तिचा प्रयत्न होता. “माय बसनी,” ती म्हणाली. “काल दुपारपासून.”

आई खाटेवर ताठ बसली होती. केस विंचरलेले, पदर नीट घेतलेला. उजवा हात मांडीवर गप्प होता. बोटं हलत नव्हती. पायाशी मी बघितलं, तळवे पांढरेफेक, स्वच्छ.

तिने मला बघून हसून विचारलं, “आवी गयो, दीकरा?” आलास का, बाळा.

आई सत्तर वर्षं दोंडाईच्यात राहिली. तिला गुजराती येत नाही. बाजारातला गुजराती व्यापारी बोलला की ती पदर तोंडाला लावून हसायची. मी रंजनाकडे बघितलं. रंजना म्हणाली, “कालपासून असंच बोलतस. डॉक्टर म्हने, खाटेवर पडून शेजाऱ्यांचं ऐकलं असेल, डोक्यात बसलं असेल.”

“वेची नाख ने ए घर,” ती म्हणाली. विकून टाक. अगदी सहज, चहा मागावा तसं. “त्यां कोई नथी. कागळ लाव. अंगूठो क्यां मूकवानो?”

कागद आण, अंगठा कुठे लावायचा, असं विचारत तिने अंगठा पुढे केला.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? आजारी बाई बरी झाली, शुद्धीत आली, स्वतःच्या तोंडाने विक म्हणाली. डॉक्टरने सुधारणा आहे असं लिहून दिलं. चार महिने याच अंगठ्यासाठी मी जीव काढला होता. एका फटीतल्या हाताचं ऐकून तो नाकारायचा? मला भलता राग चढला, त्या घराचा, त्या हारांचा, माझ्या स्वतःच्या भीतीचा. मी पेटीतून कागद काढले, शाईचं पॅड काढलं.

मनगटाच्या वर पदर होता. तो सरकवून गोंदण बघावं, एवढंच करायचं होतं. मी तिचा हात धरला तेव्हा तो गार लागला. पदर मी सरकवला नाही. रंजना कोपऱ्यात जाऊन स्टोव्हला पंप मारत राहिली, पेटवला नाही. मी अंगठा शाईत टेकवला आणि कागदावर दाबला. ठसा स्वच्छ उठला.

“बस?” तिने विचारलं.

७

त्यानंतरच्या शुक्रवारी बन्सीलाल मला बघून गिऱ्हाईक सोडून उठला.

“हिलालचा फोन होता. दोन्ही हार कडीला लटकलेत. आतून कुणी घेतले नाहीत. त्याने हाका मारल्या, कान लावला. आवाजही नाही म्हणतो. तो रडत होता, भाऊ. तुमच्या घरी काही झालंय का?”

“काही नाही,” मी म्हणालो. “आई बरी आहे.”

ते खरं आहे. ती बरी आहे. जेवते, चालते, मुलांचे केस विंचरते. आम्ही भेस्तानला राहायला आलो, तिला खिडकीजवळची जागा दिली. मला दीकरा म्हणते. रंजना तिच्याशी बोलते, पण तिला पाठ दाखवत नाही. मुलं तिच्या ताटातलं खात नाहीत, का ते त्यांनाही सांगता येत नाही. मी एकदा मुद्दाम बाजारातून देठाच्या लाल मिरच्या आणून तिच्यापुढे ठेवल्या. तिने त्या परक्या वस्तूकडे बघावं तशा बघितल्या आणि विचारलं, “आनुं शुं करवानुं?” याचं काय करायचं.

मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून रडलो. माझ्या आईला मी त्या घरातून एकदा ओढून काढलं, तेव्हा ती पुरती आली नाही. उरलेली तिथे देठं खुडत बसली होती, मी दार उघडायची वाट बघत. आणि मी जाऊन कुलूप लावून आलो.

घर घेणाऱ्याने उन्हाळ्यात ते पाडलं. दार, फळ्या, साखळी, सगळं भंगारात गेलं. वडिलांचा फोटो सुकलालने उचलून नेला आणि मला कळवलंही नाही. भिंतीतल्या दुसऱ्या खिळ्याबद्दल मी त्याला विचारलं नाही.

गुरुवार मात्र मी बंद केला नाही. बन्सीलाल दर आठवड्याला सांगतो, भाऊ, हिलाल विचारतो हार कुठे लावू, तिथे आता दारच नाही. त्याला पत्ता हवा असतो. मी दुकानासमोर उभा राहतो, वहीत तो पेन टेकवून थांबतो, आणि माझी घरी जायची वेळ होत असते.

“योगराजभाऊ, पत्ता बोला,” तो म्हणतो.